दवाखान्यातून घरी आल्यावर स्तनपानासाठी मदत मागायची कोणाकडे?

प्रसूतीनंतर आईला दूध उतरते ते साधारणपणे दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान. सिझेरियन झाले असेल तर आणखी एखादा दिवस लागू शकतो. प्रसूती नैसर्गिक असल्यास रुग्णालयातून घरी पाठविले जाते तेही याच सुमारास. म्हणजे ज्या दिवशी छाती दगडासारखी घट्ट होते, बाळाला स्तन नीट तोंडात धरता येईनासा होतो आणि खरी अडचण पहिल्यांदा उभी राहते, नेमक्या त्याच दिवशी परिचारिका, डॉक्टर आणि शेजारच्या खाटेवरची अनुभवी बाळंतीण हे सारे मागे राहिलेले असतात. त्यानंतर बाळाला डॉक्टरांकडे नेण्याची ठरलेली वेळ पुष्कळ घरांत येते ती थेट दीड महिन्याच्या लसीची.

या मधल्या चाळीस दिवसांतच पावडरच्या दुधाचा पहिला डबा घरात येतो. बाळ रडते, आई थकलेली असते, 'दूध पुरत नाही गं हिला' असे कोणीतरी म्हणते आणि विषय तिथेच संपतो. वास्तविक शरीराच्या काही कारणाने पुरेसे दूध तयारच होऊ शकत नाही अशा माता असतात, पण त्यांची संख्या थोडी. इतरांच्या बाबतीत उणीव असते ती दुधाची नव्हे, तर शेजारी बसून बाळ कसे पिते आहे हे पाहणाऱ्या जाणकार माणसाची. ही माणसे शहरांत आहेत. मात्र ती विखुरलेली आहेत आणि आडव्या पडलेल्या बाळंतिणीला त्यांचा शोध घेता येत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीतील (२०१९-२१) आकडे या दृष्टीने बोलके आहेत. देशातील ८८.६ टक्के प्रसूती रुग्णालयांत वा आरोग्य केंद्रांत झाल्या, परंतु जन्मानंतर पहिल्या तासाभरात अंगावर घेतलेल्या बालकांचे प्रमाण अवघे ४१.८ टक्के होते. सहा महिन्यांखालील बालकांपैकी निव्वळ आईच्या दुधावर असलेल्यांचे प्रमाण ६३.७ टक्के भरले. केवळ रुग्णालयात बाळंत झाल्याने स्तनपान आपोआप सुरळीत होते असे नाही, हे यातून दिसते.

शोध सातव्या महिन्यात सुरू करावा

मदत शोधण्याची योग्य वेळ प्रसूतीनंतरची नव्हे, आधीची. डोहाळजेवणाची यादी होते, बाळाच्या झबल्या-टोपड्यांची खरेदी होते, त्याच काळात नाव नोंदविलेल्या रुग्णालयात तीन-चार गोष्टी विचारून ठेवाव्यात. बाळाला पहिल्या तासात आईजवळ देतात काय? सिझेरियन झाले तरी देतात काय? आई आणि बाळ रात्रंदिवस एकाच खोलीत राहतात काय? आणि सर्वांत महत्त्वाचा प्रश्न : घरी गेल्यावर अडचण आली तर कोणाला दूरध्वनी करायचा?

हा शेवटचा प्रश्न म्हणजे रुग्णालयाकडे मागितलेली मेहेरबानी नव्हे. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी १९८९ साली यशस्वी स्तनपानासाठी दहा पायऱ्या सांगितल्या. त्यांच्याच आधारे १९९१मध्ये 'बालस्नेही रुग्णालय' ही मोहीम सुरू झाली. त्यातील दहावी पायरी नेमकी हीच आहे. घरी जाणाऱ्या मातेला मदत करणाऱ्या गटांशी रुग्णालयाने जोडून द्यावे, असे ती सांगते. २०१८मध्ये या पायऱ्या सुधारून लिहिण्यात आल्या, तेव्हाही घरी गेल्यानंतरच्या आधाराची तजवीज रुग्णालयाने करावी हे कायम राहिले. आपल्याकडे रुग्णालयांच्या भिंतींवर या पायऱ्यांचे फलक दिसतात; दहाव्या पायरीची अंमलबजावणी मात्र अभावानेच आढळते.

घरी निघण्यापूर्वी एकदा तरी परिचारिकेला किंवा डॉक्टरांना जवळ बसवून बाळाला पाजून दाखवावे. बाळाचे तोंड मोठे उघडलेले असावे, खालचा ओठ बाहेर वळलेला असावा, हनुवटी स्तनाला टेकलेली असावी आणि केवळ स्तनाग्र नव्हे तर त्याभोवतीच्या काळसर भागाचा, विशेषतः खालच्या बाजूचा, बराचसा अंश बाळाच्या तोंडात गेलेला असावा. बाळाचे डोके एकीकडे आणि पोट दुसरीकडे अशी मान वळलेली नको. सारे अंग आईच्या अंगाला लागलेले हवे. पाजताना पहिल्या क्षणी किंचित टोचल्यासारखे होणे वेगळे आणि पाजून होईपर्यंत डोळ्यांत पाणी येणे वेगळे. भेगा पडणे, रक्त येणे हे 'पहिलटकरणीला होतेच' म्हणून सोसायचे नसते. बहुतेक वेळा ती चुकीच्या पकडीची खूण असते आणि पकड सुधारली की दोन-तीन दिवसांत फरक पडतो. ही पकड शब्दांपेक्षा डोळ्यांनी लवकर कळते. मुंबई आयआयटीच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पाने आरोग्य व पोषण या विषयावर तयार केलेल्या चित्रफिती यासाठी उपयोगी आहेत. त्या मराठीतही आहेत आणि विनामूल्य पाहता येतात.

दूध पुरते की नाही, हे ओळखायचे कसे?

मदत हवी की नको, हे ठरविण्यासाठी आधी हा निकाल लागला पाहिजे. घरोघरी तो लावला जातो तो चुकीच्या पुराव्यांवर. बाळ संध्याकाळी सारखे मागते, म्हणून दूध कमी. छाती पूर्वीसारखी भरून येत नाही, म्हणून दूध आटले. पिळून पाहिले तर चमचाभरच आले, म्हणून संपले. बाटली दिल्यावर बाळ गाढ झोपले, म्हणून ते उपाशी होते. यातील एकही पुरावा टिकणारा नाही. संध्याकाळी लागोपाठ पिणे ही नवजात बालकांची रीतच असते. दीड महिन्यानंतर छाती मऊ राहणे म्हणजे दूध बाळाच्या मागणीशी जुळले, एवढाच अर्थ असतो. आणि हाताने वा पंपाने निघते त्याहून अधिक दूध बाळ ओढून घेते.

खरे पुरावे दोनच, लघवी आणि वजन. पाणी वा अन्य काहीही न देता, पाचव्या दिवसानंतर बाळ चोवीस तासांत सहा किंवा अधिक वेळा लघवी करीत असेल तर दूध पोटात जात आहे. जन्मानंतरच्या पहिल्या दिवसांत बाळाचे वजन थोडे घटते. ही घट जन्मवजनाच्या १० टक्क्यांपर्यंत गेली तर तपासणी हवीच. साधारण दोन आठवड्यांत जन्माच्या वेळचे वजन भरून निघावे आणि पुढे महिन्याला निदान अर्धा किलो वाढ व्हावी. त्यामुळे घरी आल्यावर पहिल्या आठवड्यातच एकदा, दीड महिन्याची वाट न पाहता, बाळाचे वजन करून घेणे ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत दुर्लक्षित मदत होय.

दारापर्यंत येणारी मदत

सरकारी यंत्रणेत यासाठी तरतूद आहे आणि तिचे मूळ महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गावातील स्त्रियांना नवजात बाळाच्या घरगुती देखभालीचे प्रशिक्षण दिले. त्याचे निष्कर्ष १९९९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले आणि २०११पासून देशभर आशा कार्यकर्तींमार्फत नवजात बालकांच्या गृहभेटी सुरू झाल्या. प्रसूती रुग्णालयात झाली असल्यास तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी आशाने घरी यावे, बाळाचे वजन करावे आणि पाजणे पाहावे, अशी ही योजना आहे. म्हणजे ज्या चाळीस दिवसांत शहरी माता एकटी पडते, त्याच चाळीस दिवसांचे हे वेळापत्रक आहे. २०१८पासून तिसऱ्या ते पंधराव्या महिन्यांदरम्यानच्या पाच भेटींची त्यात भर पडली.

२०१३च्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानानंतर शहरांतही आशा आल्या. त्यांचे काम मात्र मुख्यतः झोपडवस्त्या आणि गरीब वस्त्यांपुरते आहे. त्यामुळे वस्तीतल्या बाळाचे सातव्या दिवशी घरी वजन होण्याची शक्यता असते आणि चौदाव्या मजल्यावरच्या बाळाचे मुळीच नसते, असा चमत्कारिक प्रकार घडतो. इमारतींत राहणाऱ्यांनी आपल्या प्रभागातील महापालिकेच्या आरोग्य केंद्रात स्वतः जावे. मुंबईत त्यास 'हेल्थ पोस्ट' म्हणून ओळखतात. तेथील परिचारिका लसीकरणासाठी सर्वांचीच बाळे पाहतात. वजनकाटा आणि सल्ला दोन्ही तेथे मिळतो. 'सरकारी दवाखाना आपल्यासाठी नाही' हा मध्यमवर्गीय समज या बाबतीत तरी सोडून देण्यासारखा आहे. अंगणवाडी जवळ असेल तर वजनासाठी तीही चालते.

मोठ्या सरकारी रुग्णालयांकडूनही मदत होते. केंद्र सरकारच्या २०१७च्या मार्गदर्शक सूचनांनुसार वैद्यकीय महाविद्यालये, जिल्हा रुग्णालये आणि त्याखालील रुग्णालयांत स्तनपान साहाय्याची तीन स्तरांची केंद्रे उभारायची आहेत. सर्वत्र ती झालेली नाहीत. जेथे आहेत तेथे प्रसूती अन्यत्र झालेल्या मातेने बालरोग बाह्यरुग्ण विभागात केसपेपर काढून समुपदेशकाची चौकशी करावी.

खासगी समुपदेशक

गेल्या काही वर्षांत मुंबई, पुणे, नाशिक, नागपूर अशा शहरांत स्तनपान समुपदेशनाचा स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला आहे. घरी येऊन तास-दीड तास बसणे, पाजताना पाहणे आणि दोन दिवसांनी पुन्हा विचारपूस करणे असे या कामाचे स्वरूप असते. फी प्रत्येकाची वेगळी. या क्षेत्रात पदव्यांची मोठी गर्दी आहे. दोन दिवसांच्या कार्यशाळेचे प्रमाणपत्र आणि शेकडो तासांच्या प्रत्यक्ष कामानंतर दिलेली आंतरराष्ट्रीय परीक्षा ('आयबीसीएलसी') यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तेव्हा प्रशिक्षण कोणाकडे आणि किती काळ घेतले, हे निःसंकोच विचारावे. 'ब्रेस्टफीडिंग प्रमोशन नेटवर्क ऑफ इंडिया' ही संस्था १९९१ साली वर्धा येथे स्थापन झाली. पावडर-कंपन्यांचा पैसा न घेता समुपदेशकांना प्रशिक्षण देणारी ही देशातील जुनी संस्था आहे.

समुपदेशकाची पारख करण्याची एक साधी रीत आहे. आईला बाळ पाजताना न पाहता केवळ फोनवर दूध वाढविण्याची भुकटी वा गोळ्या सुचविणारी व्यक्ती टाळावी. तसेच पहिल्याच भेटीत विशिष्ट कंपनीचा पंप विकू पाहणारीही.

घरातली माणसे

खरे तर दिवसरात्र जवळ असतात ती घरचीच माणसे. माहेरचे बाळंतपण, चाळीतल्या किंवा वाड्यातल्या चार शेजारणी, सव्वा महिन्याची विश्रांती या पद्धतीत अनुभव आपोआप हातचा हाताला मिळत असे. अमेरिकेत इलिनॉय राज्यातील सात मातांनी १९५६मध्ये 'ला लेचे लीग' स्थापन केली, ती हाच शेजार नव्याने उभा करण्यासाठी. अनुभवी आईने नव्या आईला मदत करावी, एवढेच तिचे तत्त्व. आपल्याकडे तो शेजार होता आणि तो शहरांत आपल्याच डोळ्यांदेखत विरला.

येथे एक नाजूक बाब लक्षात घेतली पाहिजे. आज ज्या आजी झाल्या आहेत, त्यांपैकी अनेकींची बाळंतपणे गेल्या शतकाच्या आठव्या-नवव्या दशकातली. गुटगुटीत बाळाचे चित्र असलेले दुधाचे डबे तेव्हा दुकानांच्या फळ्यांवर उघड मांडलेले असत आणि त्यांच्या जाहिरातींवर कायद्याची बंदी नव्हती. बाटली हे तेव्हा सुशिक्षितपणाचे लक्षण समजले जाई. त्यामुळे 'आम्ही नाही का वाढवली पोरे वरच्या दुधावर' हा सल्ला मायेपोटीच येतो, पण तो त्या काळाचा असतो. आजींना दोष देण्यापेक्षा, डॉक्टरांच्या किंवा समुपदेशकाच्या भेटीला त्यांना सोबत नेणे अधिक फलदायी ठरते.

मालीश करणाऱ्या बाईंचेही तसेच. चाळीस दिवस रोज तासभर आई आणि बाळ या दोघांना हाताळणारी ती एकमेव व्यक्ती असते. छातीतल्या दुधाच्या गाठी ओळखणाऱ्या, बाळ सुस्त आहे हे सर्वांआधी सांगणाऱ्या जाणत्या बाया आजही आहेत. मात्र चीक पिळून टाकण्याचा, मध किंवा साखरपाणी चाटविण्याचा, बाळगुटी सुरू करण्याचा आग्रहही पुष्कळदा तेथूनच येतो. पहिले घट्ट पिवळसर दूध म्हणजेच चीक. तो बाळाचे रोगापासून रक्षण करतो. सहा महिन्यांपर्यंत उन्हाळ्यातही बाळाला पाणी लागत नाही. अपवाद डॉक्टरांनी दिलेली औषधे, जीवनसत्त्वाचे थेंब वा क्षारसंजीवनी यांचा. मध तर वर्षभर देऊच नये, कारण त्यातून बोट्युलिझम हा गंभीर विकार होऊ शकतो.

आळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथी, शतावरी यांविषयी घरोघरी ठाम मते असतात. या पदार्थांनी पान्हा वाढतो याला भक्कम शास्त्रीय आधार फारसा नाही. परंतु पाजणाऱ्या आईला दिवसाला सुमारे ५०० ते ६०० उष्मांक अधिक लागतात, त्या दृष्टीने लाडू वाईट नाहीत. दूध वाढते ते वारंवार पाजण्याने, दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा. पाणी कमी पिण्याची जी बंधने बाळंतिणीवर घातली जातात, ती निरर्थक होत. बाळाच्या वडिलांनी रात्री उठून लंगोट बदलणे, बाळाला उचलून आईजवळ देणे, आलेल्या-गेलेल्यांना आवरणे हीदेखील स्तनपानाला केलेली मदतच होय.

दुधाची पेढी आणि डब्याचा कायदा

अपुऱ्या दिवसांच्या बाळाला आईचे दूध लगेच मिळाले नाही तर दुसऱ्या मातेचे दूध हा उत्तम पर्याय ठरतो. आशियातील पहिली मातृदुग्धपेढी मुंबईच्या शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९मध्ये सुरू केली. दात्या मातांच्या रक्ताची तपासणी होते, दूध ६२.५ अंश सेल्सिअसला अर्धा तास तापवून निर्जंतुक केले जाते व गोठवून ठेवले जाते. हे दूध प्रामुख्याने अतिदक्षता विभागातील नाजूक बाळांना डॉक्टरांच्या सल्ल्याने मिळते. मैत्रिणीकडून वा परस्पर ओळखीतून न तपासलेले दूध घेण्यात संसर्गाचा धोका असतो.

डब्याच्या दुधाविषयीचा कायदाही प्रत्येक मातेला ठाऊक असावा. संसदेने १९९२ साली केलेला आणि १ ऑगस्ट १९९३पासून लागू झालेला हा कायदा २००३मध्ये अधिक कडक झाला. दोन वर्षांपर्यंतच्या बालकांसाठीचे दूधपर्याय, शिशुआहार आणि दुधाच्या बाटल्या यांची जाहिरात करणे, मोफत नमुने देणे, भेटवस्तू वाटणे यांस त्याने मनाई आहे. डब्यावर बाळाचे चित्रही छापता येत नाही. तेव्हा घरी निघताना रुग्णालयातून कोणी 'असू द्या जवळ' म्हणून डबा हातात ठेवला, तर ती आपुलकी नसून कायद्याचे उल्लंघन आहे. वैद्यकीय कारणाने डॉक्टरांनी पावडर लिहून देणे ही गोष्ट निराळी. तशी वेळ आलेल्या आईला अपराधी वाटण्याचे काहीच कारण नाही.

कामावर परतताना

दुसरी गळती होते ती रजा संपताना. २०१७च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा, पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांत पाळणाघर आणि तेथे दिवसातून चार वेळा जाण्याची मुभा मिळाली. बाळ पंधरा महिन्यांचे होईपर्यंत पाजण्यासाठी दोन विरामांचा हक्क त्याआधीपासूनच होता. नोव्हेंबर २०२५मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही या तरतुदी आहेत. घरकामगार वा फेरीवाल्या स्त्रिया यांच्यापर्यंत त्या पोहोचत नाहीत, हे वेगळे सांगायला नको.

दूध काढून ठेवायचे असल्यास हात धुऊन स्वच्छ, झाकणाच्या भांड्यात काढावे. साधारण २५ अंश तपमानाला ते चार तास आणि फ्रिजमध्ये चार दिवस राहते. मे महिन्याच्या उकाड्यात बाहेर ठेवणे टाळलेलेच बरे. गॅसवर उकळू नये, भांडे कोमट पाण्यात ठेवावे. बाटलीऐवजी वाटी-चमच्याने किंवा आजीच्या काळातल्या बोंडल्याने पाजता येते.

प्रवासात आणि सरकारी कार्यालयांत 'हिरकणी कक्ष' असतात. रायगडाचे दरवाजे सांजवेळी बंद झाल्याने तान्ह्या बाळासाठी कडा उतरून गेलेल्या हिरकणीचे नाव त्यांना दिले आहे. तिच्या धाडसाचे कौतुक शतकानुशतके होते. दरवाजा बंद होता याबद्दल मात्र फारसे कोणी बोलत नाही. डिसेंबर २०२२मध्ये आमदार सरोज अहिरे अडीच महिन्यांच्या बाळासह नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाला आल्या. पुढच्या अर्थसंकल्पी अधिवेशनात मुंबईतील हिरकणी कक्षात धूळ साचल्याची तक्रार त्यांनी केली, तेव्हा या खोल्यांच्या अवस्थेची चर्चा झाली. एसटी स्थानकावरील कक्षाला कुलूप असेल तर स्थानकप्रमुखांकडे किल्ली मागावी.

थांबू नये असे प्रसंग

काही वेळा समुपदेशक शोधत बसू नये, थेट डॉक्टरांकडे जावे. बाळ सुस्त पडले, पिण्यासाठी उठेना, दिवसभरात लघवी अगदी कमी झाली, अंग गरम वा गार लागले, कावीळ पायांपर्यंत उतरली, तर त्याच दिवशी. आईला थंडी वाजून ताप आला आणि छातीचा एक भाग लाल होऊन ठणकू लागला, तर तीही त्याच दिवशी. अशा वेळी पाजणे सहसा बंद करावे लागत नाही. कोणतेही औषध सुरू झाल्यास 'पाजणे थांबवू का' हे डॉक्टरांना विचारून मगच ठरवावे. आणि दोन आठवड्यांहून अधिक काळ आईला सतत रडू येत असेल, बाळाकडे पाहावेसे वाटत नसेल किंवा स्वतःच्या जिवाविषयी वेडेवाकडे विचार येत असतील, तर तो दुधाचा प्रश्न राहिलेला नसतो. टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास, मराठीतही, मोफत बोलता येते.